म्हादईचं सासर

मनुबाईनं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. मग खुद्द ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती त्याला चहा पाजून वाटेला लावील, तिथं पोटच्या पोराची काय कथा!

"आई, पणजीत तुझं काय काम हाय?" महादेवनं फोनवर विचारलं. तो बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. "मला शिफ्ट सोडून यायला जमायचं न्हाय. फिरायचंच असंल तर गोकाकचा धबधबा दावतो की, जवळ पडंल."

"धबधब्यात माझं कोण ऱ्हातंय रं?"

"मग पणजीत कोण ऱ्हातंय?"

"लेक," मनुबाई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

महादेव तिकडं फोनकडं बघत बसला. त्याला सख्खी, चुलत, मानलेली कसलीच बहीण नव्हती. बाप गेल्यापासनं आई जरा हरवल्यासारखी करते हे त्याला दिसत होतं, पण प्रकरण इथवर आलं असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं बायकोला विचारलं. रचना हसली आणि म्हणाली, "तुम्ही शिफ्टला जा. आत्तींना मी नेते."

आता ही लेक कोण, ते सांगायला पाहिजे. खानापूरच्या रानात मनुबाईचं गाव आहे. गावामागच्या डोंगरात म्हादई उगवते. उगवते म्हणजे काय, दगडाच्या सांदीतनं पाणी झिरपतं, खाली डबकं होतं आणि त्यातनं एक ओहोळ चालायला लागतो. नवीन सून म्हणून आलेली मनुबाई लुगडं वर खोचून तो एका उडीत ओलांडायची. हाच ओहोळ पुढं घाट उतरतो, गोव्यात जातो, आणि तिथं तिला मांडवी म्हणतात. गावच्या बायकांना यात काहीच नवल वाटत नाही. लग्न झालं की सासरची माणसं पोरीचं नाव बदलतातच. म्हादई ही गावची लेक, दर्याला दिलेली. म्हणून तुळशीचं लग्न झालं की पुढच्या सोमवारी साऱ्याजणी उगमावर जातात आणि तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ताट धरायचा मान नागोजीच्या घरचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, म्हणजे मनुबाईचा. अंगावर हळद होती तेव्हापासनं तिनं तो मान कुणाला चुकू दिला नव्हता. महादेव पोटात असतानासुद्धा ती हाशहुश करत डोंगर चढली होती.

आणि मग नागोजी गेला.

त्या वर्षी सोमवारी मनुबाई सवयीनं पहाटे उठली, चिंचेनं ताट घासून लख्ख केलं आणि डोक्यावर घेऊन निघाली. उगमावर पोचल्यावर भरमाक्कानं तिच्या हातातनं ताट काढून घेतलं. भरमाक्का भावकीतली थोरली जाऊ. बाई मनानं वाईट नव्हे, पण रीत म्हटली की तिच्यापुढं पुजारी गार पडायचे. "मनू, आता तू न्हाय गं धरायचं," ती म्हणाली. "रीत हाय. तू असं कर, तिकडं चपलांपाशी थांब जरा."

चपलांपाशी! उभ्या गावच्या बायका पाण्यापाशी आणि मनुबाई चपलांपाशी. ती रडली नाही, रडणाऱ्यातली नव्हतीच. पण त्या दिवसापासनं तिच्या घशात जे काय अडकलं ते पाण्यानं उतरेना की भाकरीनं उतरेना. नवरा गेला त्याचं दुःख होतंच. पण त्याच्याबरोबर लेकही गेली, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

महिनाभर धुमसल्यावर एक दिवस भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. माहेरात लेकीची ओटी भरू देत नाहीत? बरं. लेकीच्या सासरी जाऊन भरते. तिथं कोण आडवं येतंय तेच बघते!

हा बेत फक्त रचनाला ठाऊक होता. रचना बेळगावात शाळेत शिकवायची आणि कार झोकात चालवायची. तिनं खडेबाजारातनं हिरव्यागार अंगाचा, लाल काठाचा खण आणला. मनुबाईनं तो नारळ-तांदळासकट फडक्यात बांधला, वर भाकऱ्या आणि खर्डा ठेवला, म्हणजे कुणाला संशय नको.

पण निघायच्या सकाळी कारपाशी येते तो काय, भरमाक्का दारात हजर! ठेवणीतलं लुगडं, काखेत पिशवी, तोंडात पान.

"गोव्याला निघालाय म्हणं," ती म्हणाली. "मागं जागा रिकामीच जाती न्हवं? मलाबी दर्या बघायचाय."

ज्या विंचवाला चुकवायला घर सोडलं तो अंथरुणातच निघाला. पण दारात आलेल्या थोरल्या जावेला नको कसं म्हणायचं? तिनं गाठोडं पदराखाली ओढलं आणि म्हणाली, "बस की आक्का. तुझ्याबिगर मजा न्हाय."

जांबोटी मागं पडली आणि चोर्ल्याचा घाट सुरू झाला, तसा भरमाक्कानं देवांचा पुकारा सुरू केला. एका वळणाला एक देव. "हळू गं पोरी! बाईमाणसानं घाटात गाडी हाणायची म्हंजे..."

"मोठ्या आत्ती, डोळे मिटून घ्या," रचना म्हणाली.

"मी मिटलो तर वाट कोण बघणार?"

घाट उतरला. हवा दमट झाली, माड दिसू लागले. लेक दिल्यावर पहिल्यांदा तिच्या घरी निघालेल्या आईचं जे होतं तेच मनुबाईचं झालं होतं. पोरगी ओळखेल ना? सुखात असेल ना? आपल्या साध्या लुगड्याची तिला लाज तर वाटणार नाही?

आणि पर्वरीचा उतार संपता संपता गाडी पुलावर चढली.

"आत्ती, ही बघा. मांडवी."

मनुबाईनं काचेला नाक लावलं. खाली पाणीच पाणी. ह्या काठावर जहाजं, त्या काठावर शहर, आणि मधे ऐसपैस पसरलेली, उन्हात चमकणारी, एका नजरेत मावू नये एवढी रुंद. हिलाच ती एका उडीत ओलांडायची! "अगं बाई," मनुबाई पुटपुटली, "केवढी झाली गं माझी पोर!" आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. नागोजीला पोचवतानासुद्धा एवढी लागली नव्हती.

"रडायला काय झालं?" भरमाक्कानं विचारलं.

"काय न्हाय. वारं लागलं."

"काच तर बंद हाय की."

गाडी लावून तिघी पायी निघाल्या, आणि मग मनुबाईनं पणजी अशी बघितली की कुठल्या पर्यटकानं बघितली नसेल. लोक शहर बघायला येतात. ही लेकीचं घर तपासायला आली होती. सासर कसं आहे, शेजार कसा आहे, माणसं खाऊन-पिऊन सुखी आहेत का. टेकडीवरचं पांढरंशुभ्र चर्च आणि त्याच्या नागमोडी पायऱ्या बघून तिनं मान डोलावली. "देवघर झाक ठेवलंय," ती म्हणाली आणि हात जोडले. भरमाक्का जरा घुटमळली, हे आपल्या रीतीत बसतं का याचा विचार केला, आणि मग उगीच वाईटपणा नको म्हणून तिनंही जोडले. पायऱ्या मात्र ती निम्म्या चढून बसली, आणि फोटो काढणाऱ्या पोरींना म्हणाली, "मलाबी घ्या गं त्यात."

फोंतान्हासच्या जुन्या वस्तीत पिवळी, निळी, तांबडी घरं बघून मनुबाईला रंगपंचमीची आठवण झाली. एका खिडकीत पांढऱ्या केसांची बाई कुंडीला पाणी घालत होती. मनुबाई थांबली आणि म्हणाली, "घर लई ब्येस राखलंय हो." ती बाई हसली आणि आत जाऊन एक जास्वंदीचं फूल घेऊन आली. शेजार चांगला आहे, मनुबाईनं मनात नोंदवलं. दुपारी खाणावळीत बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळातलं कालवण, आलं. गावच्या तिखटावर वाढलेल्या भरमाक्कानं आधी नाक मुरडलं, मग तीनदा वाढून घेतलं. जेवणखाण ठीक आहे.

मनुबाईला पटलं नाही ते एकच. नदीत नांगर टाकून उभी असलेली ती मोठमोठी रोषणाईची जहाजं.

"त्यात काय असतंय?" तिनं विचारलं.

"कॅसिनो. जुगार खेळतात, आत्ती."

मनुबाईचं कपाळ आठ्यांनी भरलं. "दर्यानं लेकीच्या उरावर जुगारी आणून बसवलेत व्हय? गाठ पडू दे त्याची, बोलतोच."

गाठ पडली मिरामारला. दर्या समोर आला, तेव्हा बोलायचं राहून गेलं. इतकं मोठं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. भरमाक्का लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटेबरोबर पुढं-मागं नाचत होती आणि लहान पोरीगत किंचाळत होती. मनुबाईनं ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि थुंकलं. खारट! मागं येऊन नदीच्या काठाचं पाणी चाखलं, तर तेही खारटच. तिच्या उगमावरचं पाणी किती गोड होतं. वाळ्याच्या मुळीचा वास यायचा त्याला.

आता मात्र ती मनातनं हबकली. घर मोठं, शेजार चांगला, पण पोरीची चवच बदलली. नाव बदललं, अंग बदललं, चव बदलली. आपली ओळख राहिली असेल का हिला? ओटी भरली आणि हिनं घेतलीच नाही, तर? मग आपण खरंच चपलांपाशी उभं राहायच्या लायकीचे, असंच की.

"आत्ती, फेरीबोटीत बसू या," रचना हळूच म्हणाली. "मधोमध जाते ती."

बोट सुटली. दुचाक्या, शाळेची पोरं, टोपल्या घेतलेल्या बायका. मधोमध आल्यावर मनुबाई कठड्यापाशी गेली आणि पदराखालचं गाठोडं सोडलं. भाकऱ्या बाजूला ठेवल्या. हिरवा खण बाहेर आला, नारळ आला, तांदूळ आले. खिडकीतल्या बाईनं दिलेलं जास्वंदीचं फूल तिनं वर ठेवलं.

भरमाक्काचे डोळे विस्फारले. "मनू! ओटी? तुझ्या हातनं?"

"व्हय."

"अगं रीत..."

"रीत गावात, आक्का." मनुबाई वळली. एवढे दिवस घशात अडकलेलं सगळं एका दमात वर आलं. "मला एक सांग. नवरा मेला माझा. मी मेलो व्हय? बायकोपण गेलं ते मान्य. आईपण कुणी काढून घेतलं? पोरगी भेटायला आली की रांडाव आई तिला उपाशी धाडती व्हय? आं? तूच सांग, तू थोरली हाईस!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. बोटीची दोरी सांभाळणारा खाकीतला माणूस पुढं आला.

"खंयच्यो गो तुमी?" त्यानं विचारलं.

"बेळगावकडच्या," रचना म्हणाली.

"बेळगांव? म्हणजे आमचें उदक वळोवपी!" तो म्हणाला, आणि दोघंतिघं हसले. म्हादईचं पाणी बेळगावकडं वळवायचा वाद गोव्यात पोराटोरांना ठाऊक.

"आरं बाबा," मनुबाई म्हणाली, "वळवायची भाषा तुमी शेहरातल्यांनी करा. लेक आमची, सून तुमची. आमी दिली नसती तर तू बोट कशावर चालवली असतीस? भांडायला आलो न्हाय मी. लेकीची ओटी भरायला आलोय."

तो माणूस चपापला. मग डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला, "भर गो, आजी. पूण कपडो उडोवं नाका. पंख्यांत अडकता."

खण टाकायचा नाही, बोटीच्या पंख्यात अडकतो. मनुबाई क्षणभर गोंधळली. मग खण कठड्यावर ठेवून तिनं दोन्ही हातांनी तांदूळ सोडले, फूल सोडलं आणि नारळ अलगद पाण्यात टाकला.

गावाकडं नारळ सोडला की तो उताराला लागतो, सासराकडं. लागला म्हणजे ओटी पोचली. एवढी साधी खूण. साऱ्यांच्या नजरा खाली. नारळ एकदा बुडाला, वर आला, गरगरला. दर्या पश्चिमेला. नारळ हलला, आणि चालायला लागला उलटा. पुलाच्या बाजूला. पूर्वेला.

"मागारी निघाला!" भरमाक्का किंचाळली. "आगं आई आई! मनू, नदीनं ओटी फिरवली! नदी कुठं वर वाहती व्हय? सांगत होतो मी, रीत मोडू नको म्हणून!"

नारळ उलटा जात होता यात शंकाच नव्हती. फूलसुद्धा त्याच्यामागं. मनुबाईनं कठडा घट्ट धरला. एवढा घाट उतरून आले, पोरी, आणि तू माझं काहीच घेतलं नाहीस?

"किदें जालें?" दोरीवाल्यानं विचारलं. रचनानं सांगितलं तसा तो खो खो हसत सुटला. "आजी, भरती आसा मगे! दर्या भरता तेन्ना हें उदक वयर चडटा. दिसाक दोन फावट."

"म्हंजे?" मनुबाईनं विचारलं.

"म्हणजे भरतीला नदी उलटी फिरते, आत्ती," रचना म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "दिवसातनं दोनदा पाणी दर्याकडून डोंगराकडं निघतं."

"डोंगराकडं? कुठल्या?"

"आपल्या."

मनुबाईनं कठड्यावरनं वाकून बघितलं. नारळ पुलाखालनं गेला, जुगाऱ्यांच्या जहाजांना वळसा घातला, आणि तसाच पूर्वेला, जिकडनं ती सकाळी आली होती तिकडं, डौलात निघाला.

"आक्का," ती म्हणाली, आणि तिचा आवाज साऱ्या बोटीला ऐकू गेला, "दिसातनं दोनदा माहेराकडं तोंड करती गं माझी पोर! एवढं मोठं घर मिळालं, पर दिसातनं दोनदा! ओटी घेतली तिनं. घेतली आणि लगोलग घराकडं घेऊन निघाली!"

मग ती हसली. नागोजी गेल्यापासनं पहिल्यांदा, पोट धरून, दात नसलेलं तोंड उघडं टाकून हसली. टोपलीवाल्या बायका हसल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि दोरीवाल्यानं कारण नसताना भोंगा वाजवायला सांगितला.

भरमाक्का एकटीच हसली नाही. ती कठड्यावरच्या खणाकडं बघत होती. परतताना तिनं घाटात एका देवाचं नाव घेतलं नाही. चोर्ला ओलांडल्यावर एकदम म्हणाली, "तो खण दे हिकडं."

मनुबाईनं दिला. भरमाक्कानं तो उलटसुलट करून बघितला.

"लेकीच्या घरी आहेर नेला, आणि त्यातलं काय माघारी आलं, तर त्येला काय म्हणत्यात?"

"परतीचा आहेर," मनुबाई म्हणाली.

"आणि परतीचा आहेर पेटीत टाकत्यात व्हय? अंगावर घालत्यात! न घातला तर लेकीच्या सासरचा अपमान हुतो." तिनं खण मनुबाईच्या मांडीवर आदळला. "शिवून घे. रीत हाय!"

पुढच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी उगमावर बायका जमल्या. मनुबाई हिरव्या खणाची, लाल काठाची चोळी घालून आली तशी कुजबुज झाली. कुणीतरी पुढं होऊन म्हणालं, "मनुआक्का, तुमी जरा चपलांपाशी..."

"चपलांपाशी तू थांब!" भरमाक्का गरजली. "म्हादईनं सोता आहेर केलाय तिला. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी. नारळ नदीतनं उलटा घाट चढत होता!"

"घाट न्हाय गं चढला, आक्का," मनुबाई हळूच म्हणाली.

"तू गप. किती चढला ते माझं मला ठावं." आणि तिनं लख्ख घासलेलं ताट सगळ्यांच्या देखत मनुबाईच्या हातात दिलं.

मनुबाई वाकली. पाणी घोट्याएवढंच होतं, थंडगार. तिनं आधी ओंजळभर प्यायलं, गोड होतं. मग हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले, नारळ सोडला. तो दोन दगडांत अडकून बसला, माहेर सोडवत नसल्यासारखा.

मनुबाईनं त्याला बोटानं पुढं ढकललं. "जा बाई," ती म्हणाली, "भरती आली की परत ये."